मदत हवी आहे: सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना टाच दुखतेय

आईला (वय ६४) लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० (अँटिबायोटिक) दिलंय, दिवसातून दोनदा, ७ दिवस. आज तिसरा दिवस. जळजळ बरीच कमी झालीये, पण सकाळपासून उजव्या टाचेच्या मागची शीर दुखतेय. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. पडली नाही, मुरगळलं नाही. ती म्हणते, "वयच झालं आता."

मी पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद भिंग घेऊन वाचला. स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारी शीर) दुखला किंवा सुजला तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा, असं स्पष्ट लिहिलंय. साठीच्या पुढे आणि स्टिरॉइड चालू असेल तर धोका जास्त. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २००८ मध्येच यावर ठळक इशारा छापायला लावला होता. आणि आईला दम्यासाठी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, चालू आहे! डॉक्टरांना ते सांगायचं राहिलं, चूक आमचीच.

डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. रात्रीची गोळी तूर्त दिलेली नाही, चालणंही कमी करायला सांगितलंय. कोर्स अर्धवट सोडू नये हे लहानपणापासून ऐकलंय, म्हणून धाकधूक वाटतेय.

कुणाला असा अनुभव आहे का? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली का? दुखणं किती दिवस राहिलं? रात्रीच दाखवायला न्यावं की सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

अजून एक. कॅल्शियमची गोळी ती याच्यासोबतच घेत होती. सिप्रो कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची असते, हेही आजच कळलं. म्हणजे औषध पुरतं लागू तरी झालं असेल का?