मॉरिशसवर दीडशे वर्षं इंग्रज होते, मग तिथले पेपर फ्रेंचमध्ये कसे?

पंचवटीकर
रामकुंडाजवळ आमचं छोटं लॉजिंग आहे, त्यामुळे बाहेरचे यात्रेकरू रोजचेच. पण गेल्या आठवड्यात मॉरिशसचं एक मराठी कुटुंब उतरलं होतं, आजी, मुलगा आणि सून. आजींची मराठी जुनी, कोकणी वळणाची. मुलगा बायकोशी क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून झालेल्या तिथल्या बोलीत बोलतो, मोबाईलवर पेपर वाचतो तो फ्रेंच आणि ऑफिसचे मेल इंग्लिशमध्ये. त्यांना इथल्या तीर्थाच्या गुरुजींच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या जुन्या वह्यांत, पूर्वज शोधायचे होते, पण गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारल्यावर गाडी अडली, कारण आडनाव म्हणून जे लावतात ते खरं तर खापरपणजोबांचं नुसतं नाव आहे आणि गाव कोणालाच माहीत नाही.

तर जाणकारांनी जरा सांगा, राज्य इंग्रजांचं आणि भाषा फ्रेंच हे कसं काय? आणि ऊस तोडायला नेलेल्या लोकांच्या घरातले पुढे थेट पंतप्रधान कसे झाले? गुगल करा म्हणू नका, केलंय, डोकं फिरलंय.

देवळालीचे मास्तर
एक गोष्ट आधी लक्षात घ्या, त्या बेटावर मुळात कोणी राहतच नव्हतं. मूळ रहिवासी हा प्रकारच नाही, जो आला तो बाहेरून आला किंवा आणला गेला.

1598 ला डच उतरले, त्यांच्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून बेटाचं नाव पडलं. 1638 ला त्यांनी वस्ती केली, आबनूसची झाडं तोडली, जावाहून ऊस आणि हरणं आणली, डोडो संपला तो याच काळात, आणि जमेना म्हणून 1710 ला सामान आवरून गेले. मग 1715 ला फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं आणि नाव ठेवलं इल द फ्रान्स. खरी वसाहत यांची. 1735 ला लाबूर्दोने नावाचा गव्हर्नर आला, त्याने पोर्ट लुई बंदर उभं केलं, साखरेला जोर दिला, आणि राबायला मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम. पाँडिचेरीकडचे कारागीरही होते, म्हणजे आपली माणसं तिथे इंग्रजांच्या आधीपासून आहेत, हे फार कोणाला माहीत नसतं.

आता तुमचा प्रश्न. इंग्रजांना बेट का पाहिजे होतं? तर या बंदरातून फ्रेंच जहाजं निघायची आणि कंपनीची भारताकडे येणारी-जाणारी जहाजं लुटायची. ऑगस्ट 1810 मध्ये ग्रां पोरच्या आरमारी लढाईत इंग्रजांनी मार खाल्ला, डिसेंबरमध्ये मोठी फौज उतरवून बेट घेतलं. बंदर हातात आलं, काम झालं. जमिनीत त्यांना रस नव्हता, म्हणून फ्रेंच मळेवाल्यांना सांगितलं की तुमचा कायदा, तुमची भाषा, तुमचा धर्म, तुमची मालमत्ता सगळं तसंच राहील, आणि 1814 च्या पॅरिस तहात बेट कायमचं इंग्रजांकडे गेलं. थोडक्यात झेंडा बदलला, सातबारा नाही बदलला. साखर ज्याच्या हातात, त्याचीच भाषा पेपरात आणि दिवाणखान्यात राहिली. आजही तिथे दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आणि पार्लमेंटचं कामकाज इंग्लिशमध्ये.

सिन्नरचा गडी
मास्तर भारी सांगितलं. पण मजुरांचं राहिलं, ते मी लिहितो कारण आमच्या भागात ऊसतोड टोळ्या दरवर्षी बघतो.

1835 ला गुलामी बंद झाली, साधारण 66 हजार गुलाम होते, आणि भरपाई कोणाला मिळाली तर मालकांना! वीस लाख पौंडांच्या वर. गुलामांना भोपळा. मालकांनी आधीच सोय बघून ठेवली होती, 2 नोव्हेंबर 1834 ला ॲटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर उतरले, तो दिवस तिथे अजून पाळतात. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणूस गेला भो. बहुतेक बिहारकडचे, काही मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी वगैरे भागातले आपले.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. आणि एक खाडा केला तर दोन दिवसांचे पैसे कापायचे, याला तिकडे डबल कट म्हणायचे. आपल्याकडचे मुकादम हे वाचून शिकले की काय असं वाटतं 🙂 1867 च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या मजुराला पण खिशात फोटोवाला पास ठेवावा लागायचा, नसला की पोलीस उचलणार. शेवटी द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्याच मळेवाल्याने 1871 ला मजुरांकडून हजारो सह्यांचा अर्ज करवून घेतला, तेव्हा कुठे लंडनहून चौकशी कमिशन आलं.

पंचवटीकर
बापरे. मग यातून वर आले कसे? पाच रुपयांत काय मागे पडणार?

सिडकोची मंजिरी
मी तिकडे गारमेंट कंपनीत क्वालिटीला होते काही वर्षं, तर मी सांगते. उत्तर पुन्हा जमीनच आहे काका.

1870 नंतर साखरेचे भाव पडायला लागले तसे मळेवाल्यांनी कडेकडेची, दगडाळ जमीन तुकडे पाडून विकायला काढली आणि ती घेतली कोणी तर करार संपलेल्या मजुरांनी, हप्त्याने, चार जणांत मिळून, कशीही. तिथल्या उसाच्या शेतात मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात, घराएवढे, ते सगळे हाताने वेचून रचलेले. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच, लाव्ह्याचा. दगडाखाली सोनं सापडेल असं सांगून लोकांना जहाजात चढवलं अशी गोष्ट घरोघरी सांगतात. तर ती जमीन झाली, मग पोरं शाळेत गेली, मग शिक्षक, वकील, डॉक्टर. 1901 ला गांधीजी आफ्रिकेतून परत येताना तिथे थांबले होते, पुढे त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे वकील गेले आणि मजुरांच्या केसेस लढले. 1937 ला उसाच्या भावावरून दंगे झाले, 1943 ला बेल व्यू आरेल इथे पोलिसांनी गोळीबार केला त्यात अंजली कूपन नावाची गरोदर मजूर बाई गेली, तिच्या नावाचं स्टेडियम आहे.

आणि 1948 ला मतदानाची अट बदलली, कुठल्याही चालत्या भाषेत साधं लिहिता-वाचता आलं तरी मत. बैठकांमध्ये, म्हणजे मजुरांच्या वस्तीतल्या शिकवणीच्या जागांत, रात्री पोरांना जे हिंदी, तमिळ, मराठी शिकवायचे ना, त्याचं एकदम मतात रूपांतर झालं! 1959 ला सरसकट सगळ्यांना मत, आणि मग 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य, शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. तारीख दांडी यात्रेवरून निवडली म्हणतात. 1992 ला त्याच तारखेला प्रजासत्ताक.

मराठी लोक तिथे थोडेच आहेत पण कास्कावेलला देऊळ आहे, गणपतीला सरकारी सुट्टी असते, आणि आपली कोकणातली जाखडी ते झाकरी म्हणून नाचतात, बघून अंगावर काटा येतो.

हो, आणि त्या आजींना सांगा, मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, जुनी रजिस्टर आहेत. प्रत्येकाला नंबर असायचा आणि गाव, जिल्हा लिहिलेला असायचा. नंबर सापडला तर गाव सापडेल.

गंगापूररोड
सगळं बरोबर आहे पण "आपली माणसं वर आली" एवढ्यावर थांबू नका राव. स्वातंत्र्याच्या आधीच्या 1967 च्या निवडणुकीत 44 टक्क्यांच्या आसपास लोकांनी स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला मत दिलं होतं, कारण क्रिओल (गुलामांचे वंशज) आणि गोऱ्यांना हिंदूंचं राज्य येईल अशी भीती होती. जानेवारी 68 मध्ये दंगली झाल्या, इंग्रज सैन्य बोलवावं लागलं. नोबेल मिळालेल्या जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने साठच्या दशकातच लिहून ठेवलं होतं की या बेटाचं काही खरं नाही, लोकसंख्या फार आणि पीक एकच. ते खोटं ठरलं, 1970 नंतर निर्यातीचे कपड्यांचे कारखाने, युरोपचा साखरेला ठरलेला भाव, मग हॉटेलं, बँका. मान्य.

पण गुलामांची पोरं कुठे आहेत त्यात? 1999 ला काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं होतं. पॉल बेरांजे सोडला तर आजवरचे सगळे पंतप्रधान हिंदू घरांतलेच.

एमपीएससी_पंचविशी
हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं कोणी घेतलंच नाही, ते परीक्षेला येतं. 1965 ला इंग्रजांनी ती बेटं तीस लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडली आणि त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं. 1968 ते 73 मध्ये दीड हजाराच्या वर लोकांना उचलून बाहेर काढलं. 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की बेटं अशी तोडणं बेकायदेशीर, मे 2025 मध्ये करारावर सह्या झाल्या, त्यात मालकी मॉरिशसची आणि तळ 99 वर्षं भाड्याने.

सिन्नरचा गडी
आणि त्या काढलेल्या लोकांना विचारलं का कोणी?

एमपीएससी_पंचविशी
नाही ना भो. तेच तर ते म्हणतायत, लंडनला कोर्टाबाहेर बोर्ड घेऊन उभे होते. त्यांच्यातले बरेच पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत वाढले, काही इंग्लंडला गेले, आणि त्यांच्यातच दोन गट आहेत, काहींना मॉरिशसची मालकी पण नकोय.