टर्कीच्या शिकारीसाठी शॉटगनचा चोक कोणता घ्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात राहतो आणि वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामासाठी माझ्या १२ गेजच्या (नळीच्या मापाच्या) रेमिंग्टन ८७० शॉटगनला योग्य चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा कमी करण्यासाठी नळीचे तोंड आवळणारा तुकडा, शोधत आहे. सध्याचा मॉडिफाइड (मध्यम आवळणारा) चोक नळीचे तोंड जेमतेम ०.०२० इंच आवळतो. त्यामुळे ४० यार्डांवर लावलेल्या कागदावर छर्रे इतके पसरतात की १० इंची वर्तुळात, म्हणजे टर्कीचे डोके आणि मान जिथे असेल तिथेच, तळहाताएवढ्या जागा कोऱ्या राहतात. जखमी पक्षी झाडीत निघून जावा, हे मला मुळीच मान्य नाही.

दुकानात तोंडाचा व्यास ०.६६० ते ०.६७५ इंच असलेले एक्स्ट्रा फुल (खूप घट्ट) चोक दिसतात. मिसूरीत ४ नंबरपेक्षा मोठे छर्रे चालत नाहीत (नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान), म्हणून शिशाच्या ५ नंबर छर्ऱ्यांचे तीन इंची काडतूस वापरण्याचा विचार आहे. मात्र चोक फारच आवळलेला असला, तर मऊ शिशाचे छर्रे दबून वेडेवाकडे होतात आणि पॅटर्न (छर्ऱ्यांचा पसारा) उलट विस्कटतो. शिवाय पक्षी २० यार्डांवर आला, तर घट्ट पॅटर्नमुळे नेम थोडा जरी ढळला तरी बार वाया जातो.

शिशाच्या ५ नंबरसाठी ०.६७० च्या आसपासचा चोक कोणी वापरला आहे का? की टंगस्टनची ९ नंबरची महाग काडतुसे घेऊन चोक त्यांच्या हिशोबाने निवडावा? ज्यांनी स्वतः कागदावर बार टाकून पाहिले आहेत, त्यांनी चोकचे माप, काडतूस आणि अंतर कृपया एकत्र कळवावे.