चिंध्यांच्या पिशवीतून तुमच्याकडे काय काय निघालं?

शिवणयंत्राच्या टेबलाखाली माझी एक फुगलेली पिशवी असते. पडद्याचे उरलेले काठ, अभ्रे बेतताना निघालेल्या पट्ट्या, जुन्या चादरीच्या कडा. चादर मधोमध विरते, कडा मात्र धड राहतात, त्या टाकवत नाहीत. बरीच वर्षं मी आधी वस्तू ठरवायचे आणि मग तुकडे शोधायचे. ते कधीच पुरायचे नाहीत, नवं कापड आणलं जायचं आणि पिशवी आणखी फुगायची. आता तुकडा आधी हातात घेते. ताणून बघते, उजेडापुढे धरते, पाण्याचा थेंब टाकून शोषतोय का ते बघते. घट्ट विणीचा असला तर पिशवीचा तळ, पाणी पिणारा असला तर पुसायचं फडकं, सुळसुळीत असला तर अस्तर.

तुम्ही काय शिवलंत? जमलेलं लिहाच, पण उसवावं लागलेलं जास्त सविस्तर लिहा. मापंही द्या, म्हणजे दुसऱ्याला तसंच करून बघता येईल.

*

गरम भांडी धरायचं फडकं. पहिलं मी फक्त रंग बघून शिवलं होतं. कापड पॉलिएस्टरचं निघालं, तापलेल्या भांड्याला चिकटलं आणि बोटाला फोड आला. तेव्हापासून ओळख नसलेल्या तुकड्याचा एक धागा काढून चिमट्यात धरते आणि ताटलीवर पेटवून बघते. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टर आक्रसतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. राखेत जरा जरी कडक कण लागले तरी तो तुकडा आचेजवळ नेत नाही.

आता २० बाय २० सेंमीचे दोन सुती चौकोन घेते आणि मध्ये जुन्या सुती टॉवेलचे दोन थर. आरपार तिरप्या टिपा मारायलाच हव्यात, नाहीतर धुतल्यावर आतला टॉवेल एका कोपऱ्यात गोळा होतो. कडेला गोट. गोल फडक्याला उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टीच लागते, चौकोनाला सरळ पट्टी चालते. आणि फडकं कितीही जाड असलं तरी ओलं असताना वापरू नका. ओल्या कापडातून चटका लगेच हाताला पोचतो.

*

माझ्याकडे मशीन नाही. धावदोऱ्याने शिवते आणि दर पाच-सहा टाक्यांनंतर एक टाका मागे घेते. दोरा कुठे तुटला तरी सगळी शिवण सुटत नाही. दोरा हातभरापेक्षा लांब घेत नाही, लांब घेतला की गाठी पडतात. अशा नाडीच्या सात पिशव्या झाल्यात, अजून एकही उसवलेली नाही.

*

जुन्या टीशर्टांचं पायपुसणं. आडव्या ३ सेंमीच्या पट्ट्या कापल्या. ताणल्या की त्या आपोआप गुंडाळून दोरीसारख्या होतात आणि कडेचे धागे निघत नाहीत, त्यामुळे दुमडायचं काम वाचतं. तीन पट्ट्यांची वेणी घालून ती चकलीसारखी गोल फिरवत हाताने जोडत गेले. निम्मं झाल्यावर बघते तर मधे खोलगट, कडा वर उचललेल्या. मी मांडीवर घेऊन शिवत होते आणि प्रत्येक फेऱ्याला वेणी ओढली जात होती. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. नंतर टेबलावर सपाट ठेवून, वेणी सैल सोडून जोडलं, तेव्हा बसलं. खालून न घसरणारी जाळी मात्र लावाच. गुळगुळीत फरशीवर माझा पाय एकदा सटकलाय.

*

जीन्सच्या पायांची पिशवी शिवली. १६ नंबरची जाड सुई लावली तरी जाड शिवणीवर पहिली सुई मोडलीच. आता त्या जागी पायडल सोडून चाक हाताने फिरवतो. तळाला रुंदी हवी असेल तर पिशवी उलटी करून कोपरा असा चपटा करायचा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर येईल. मग त्रिकोणावर १० सेंमी लांबीची आडवी टीप मारायची. दोन्ही कोपरे झाले की तळ १० सेंमी रुंद होतो आणि पिशवी उभी राहते. बंदाच्या टोकाला चौकोन आणि त्यात फुली. नुसती एक आडवी टीप वजनाने उसवते, हे भरलेली पिशवी जिन्यात सुटल्यावर कळलं.

*

मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळं साठवू नका. मी ४ सेंमीपेक्षा अरुंद तुकडा जोडकामासाठी ठेवत नाही, कारण दोन्हीकडे एकेक सेंमी शिवणीत गेल्यावर हातात काय उरतं? बारीक कातरण उशीत भरलं तर उशी जड आणि गाठीगाठींची होते, डोक्याखाली नको. दाराखालच्या फटीला लावायच्या लांब गुंडाळीत मात्र तेच वजन कामाला येतं, ती जागची हलत नाही.

*

आईला आता फार कमी दिसतं. तिच्या गोळ्यांसाठी तळहाताएवढ्या दोन पिशव्या शिवल्या, सकाळची पिवळी आणि रात्रीची निळी. संध्याकाळच्या उजेडात तिला दोन्ही सारख्याच दिसायच्या. मग बटणं लावली, सकाळला एक आणि रात्रीला दोन. धुण्यात एक बटण निघालं आणि दोन्ही पिशव्या एकसारख्या झाल्या. ते मी वेळेवर बघितलं म्हणून बरं. शेवटी सगळ्या तुकड्यांवरून डोळे मिटून बोटं फिरवली. सकाळच्या पिशवीला रेघांचं कॉर्डुरॉय लावलं, रात्रीच्या पिशवीला मखमल. आता ती मला विचारत नाही, बोटांनी चाचपून स्वतः उघडते.

पण मखमलीची लव झिजत आलीय आणि माझ्याकडचा तुकडा संपला. त्याऐवजी टॉवेलचं कापड लावलं तर कॉर्डुरॉयशी गल्लत होईल का? कुणी करून बघितलं असेल तर सांगा.