अनुभव धागा: बाप्तिस्म्यानंतर आतून नवे होणे

गुरुवारपेठकर
गेल्या रविवारी आमच्या मंडळीतील उपदेशात पंडिता रमाबाईंचे नाव निघाले आणि आजी सांगत असे ते सारे पुन्हा आठवले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. तरीही ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे, आणि तो अंतरीचा अनुभव येण्यास पुढे सुमारे आठ वर्षे गेली. आजी म्हणे, बाप्तिस्मा म्हणजे उंबरा ओलांडणे, घरात राहायला त्यानंतर शिकायचे असते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रोज पहाटे मी त्यांना स्तोत्र ५१ वाचून दाखवीत असे, आणि शुद्ध हृदयाची ती मागणी त्या वाचनात केव्हातरी माझी स्वतःची झाली. आपणही आपापले अनुभव लिहावेत.

केडगावची लेक
आमच्या पणजीबाई रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये वाढल्या. तेथील १९०५ च्या संजीवनाविषयी, म्हणजे आत्मिक जागृतीविषयी, बोलताना लोक रडून, मोठ्याने केलेल्या प्रार्थनांचेच सांगतात. आमच्या घरात मात्र आवर्जून सांगितले जाते ते हे, की एकमेकींशी बोलणे टाकलेल्या मुलींनी परस्परांची क्षमा मागितली आणि पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. अश्रू कोणालाही येतात. मी या दुसऱ्या गोष्टीला अधिक मान देते.

वडगावशेरी
ताई, अश्रूंना इतके कमी लेखू नये. माझे यजमान एका संजीवन सभेत प्रथमच रडले आणि त्याच आठवड्यात थोरल्या भावाच्या घरी गेले. जमिनीच्या वाटणीवरून दोघांचे येणेजाणे बंद झालेले होते. जेवताना वाटणीचा विषय दोघांपैकी कोणीही काढला नाही. जाऊबाईंनी न विचारता यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि यांनी ती निमूटपणे खाल्ली.

केडगावची लेक
वडगावशेरीच्या ताई, वाचून डोळे भरून आले. आता काय बोलणार!

संध्याप्रार्थना
आम्ही कॅथलिक आहोत. संत इग्नाती लोयोला यांनी घालून दिलेली आत्मपरीक्षा एका येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी आम्हांला ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात शिकवली: आधी आभार, मग दिवसभरातील एकेक प्रसंग देवासमोर ठेवणे, जेथे चुकले तेथे क्षमा, आणि उद्यासाठी कृपेची मागणी. स्वारगेटहून घरी येताना पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी ती करते. कचेरीतील एका सहकारी बाईंचे नाव पूर्वी रोज क्षमेच्या वेळी येत असे. वर्षअखेरीस ते आभारांच्या वेळी येऊ लागले. त्या बाईंचा स्वभाव आहे तसाच आहे.

मृदंग
बसमध्ये गर्दी असली तर कसे जमते, हे कृपया लिहावे. मलाही कामावरून येताना तेवढाच वेळ मोकळा मिळतो.

संध्याप्रार्थना
उभ्यानेही जमते. डोळे मिटण्याची गरज नसते.

नगरवाले
रमाबाईंचे उदाहरण खरे आहे, परंतु क्रम नेहमी तसाच असतो असे नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. जातिभेद आणि सोवळेओवळे बाप्तिस्म्याच्या आधीच आपल्या मनातून कसे गेले, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. माझ्या सासूबाईंनी अद्याप बाप्तिस्मा घेतलेला नाही. तरीही रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेला त्या आमच्याबरोबर बसतात, आणि शेजारच्या आजारी काकूंचे नाव घ्यायचे आम्ही विसरलो तर ‘आमेन’ म्हणण्याआधी त्याच आठवण करून देतात. त्यांना घाई करू नका, असे पाळकसाहेबांनी आम्हांला सांगितले आहे, आणि ते मला पूर्णपणे पटते.

गुरुवारपेठकर
नगरवाले, सासूबाईंना आमचा सलाम सांगा. काकूंसाठी आज आमच्या घरीही प्रार्थना होईल.