१०७ विरुद्ध ३६: बाराव्या काँग्रेसचे पक्षीय आकडे खरंच काही सांगतात का?

जुनंदप्तर

१८१२च्या अमेरिका-ब्रिटन युद्धावरच्या धाग्यात काल एक प्रतिसाद आला: "बाराव्या अमेरिकन काँग्रेसच्या हाउसमध्ये रिपब्लिकन १०७, फेडरलिस्ट ३६. तीन-चतुर्थांश बहुमत. मॅडिसनने मागितलं आणि पक्षाने युद्ध देऊन टाकलं." त्याखाली सात जणांचं "सहमत". राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. (नवख्यांसाठी: काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, हाउस तिचं खालचं सभागृह, सिनेट वरचं. रिपब्लिकन म्हणजे अध्यक्ष मॅडिसनचा तेव्हाचा पक्ष, आजचा नव्हे; फेडरलिस्ट त्यांचे विरोधक.)

४ जून १८१२ला हाउसमध्ये बंद दाराआड मतदान झालं, ७९ विरुद्ध ४९. एकही फेडरलिस्ट युद्धाच्या बाजूने गेला नाही. सगळे ३६ हजर होते आणि सगळ्यांनी विरोधात मत दिलं असं धरलं, तरी ४९मधले किमान १३ उरतात. ते रिपब्लिकन होते. सिनेटचं तर आणखी वाईट. कागदावर ३० विरुद्ध ६ आणि १७ जूनचं मतदान १९ विरुद्ध १३. म्हणजे किमान ७ रिपब्लिकन सिनेटर स्वतःच्या अध्यक्षाच्या विरोधात गेले. पक्षाने "देऊन टाकलं" म्हणता, तर हे कुठल्या पक्षाचे?

शिवाय १४३ ही बेरीज त्या दिवसाची नाहीच. लुइझियाना ३० एप्रिल १८१२ला राज्य झालं, पण जूनमध्ये त्यांचं कुणीही सभागृहात बसलेलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी हाउसच्या जागा १४२ आणि सिनेटच्या ३४. मते पडली १२८ आणि ३२. तक्त्यातला आकडा उचलून मतदानाशेजारी ठेवला की हीच पहिली चूक होते.

दुसरी चूक याहून मोठी. ही पक्षाची लेबलं त्या काळी कुणी सभागृहाच्या वहीत लिहून ठेवली नव्हती. स्थानिक वर्तमानपत्रं, उमेदवारीच्या सूचना, कॉकसमधली (पक्षाच्या खासदारांच्या बैठकीतली) हजेरी आणि नंतरची मतं पाहून अभ्यासकांनी ती पुढे लावली. मतं पाहून लेबल लावायचं आणि लेबल पाहून "पक्षाने एकगठ्ठा मत दिलं" म्हणायचं, ही गोल फिरणारी मांडणी झाली.

मतमोजणी

प्रचंड असहमत. फुटलेले १३ सांगितलेत, न फुटलेले ७९ एका ओळीत गुंडाळलेत. हे ७९च्या ७९ एकाच पक्षाचे आणि दुसऱ्या पक्षाचा त्यात एकही नाही. याला पक्षीय मतदान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पेनसिल्वेनिया घ्या. १८ जागा, मतदान १६ विरुद्ध २. त्या राज्याला कॅनडाच्या जमिनीची हाव नव्हती, १८१२पर्यंत ते सरहद्दीवरचं राज्यही राहिलं नव्हतं. मग १६ मतं आली कुठून? पक्षनिष्ठेतून. मॅडिसनचं सरकार पडलं तर फेडरलिस्ट परत येतील, ही भीती तिथल्या रिपब्लिकनांना खरी वाटत होती.

मतदारांनाही कळत होतं कोण कुणाचा ते. पुढच्या, म्हणजे तेराव्या काँग्रेसमध्ये फेडरलिस्ट ३६वरून ६८वर गेले. जागा १८२ झाल्या होत्या हे धरूनही पावपट हिस्सा एक-तृतीयांशाच्या वर गेला. लेबल अभ्यासकांच्या डोक्यातलं असेल, तर मतदारांनी शिक्षा केली कुणाला?

जुनंदप्तर

पक्ष नव्हता असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पक्षाचा *आदेश* नव्हता, हा मुद्दा आहे. आपल्याकडे १९८५नंतर दहाव्या परिशिष्टाची, म्हणजे पक्षांतरबंदीची, सवय झाली आहे. व्हिप निघाला, मोडला, सदस्यत्व गेलं. तो चष्मा लावून १८१२कडे पाहिलं की १०७ म्हणजे १०७ हात वर, असं वाटतं. तिथे व्हिप नव्हता, पक्षाने दिलेलं तिकीट नव्हतं, देशभर एक मतदानाचा दिवससुद्धा नव्हता. न्यूयॉर्कने या काँग्रेससाठी एप्रिल १८१०मध्ये मतदान केलं, टेनेसीने ऑगस्ट १८११मध्ये. सव्वा वर्षाच्या अंतराने निवडून आलेल्यांना एका जनादेशात कसं बसवता?

आणि १८११चं बँकेचं मतदान विसरू नका. अकराव्या काँग्रेसमध्ये रिपब्लिकन ९२, फेडरलिस्ट ५०. युनायटेड स्टेट्स बँकेची सनद वाढवायचं विधेयक हाउसने बेमुदत पुढे ढकललं ते ६५ विरुद्ध ६४ने. सिनेटमध्ये १७-१७, मग उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनने विरोधात मत टाकून ते पाडलं. अर्थमंत्री गॅलॅटिन रिपब्लिकन, बँक त्याला हवी होती, आणि ती बुडवली त्याच्याच पक्षाने.

राज्यवार

दोघेही बेरजा घेऊन भांडताय, राज्यवार फोड कुणीच ठेवत नाहीये. ४ जूनची ही घ्या, आधी बाजूने, मग विरोधात.

न्यू हॅम्पशायर ३-२, व्हर्माँट ३-१, मॅसॅच्युसेट्स ६-८, ऱ्होड आयलंड ०-२, कनेटिकट ०-७, न्यूयॉर्क ३-११, न्यू जर्सी २-४, पेनसिल्वेनिया १६-२, डेलावेअर ०-१, मेरीलँड ६-३, व्हर्जिनिया १४-५, नॉर्थ कॅरोलायना ६-३, साउथ कॅरोलायना ८-०, जॉर्जिया ३-०, केंटकी ५-०, टेनेसी ३-०, ओहायो १-०.

केंटकीच्या जागा ६, मतं ५. सहावा म्हणजे सभापती हेन्री क्ले, त्याने मत दिलं नाही. "पश्चिमेने युद्ध लादलं" म्हणणाऱ्यांनी पश्चिमेची बेरीज करून पाहावी: केंटकी, टेनेसी, ओहायो मिळून ९. एकट्या पेनसिल्वेनियाची मतं त्यांच्या दीडपटीहून जास्त.

फुटलेले रिपब्लिकन शोधायचे तर न्यूयॉर्कच्या ११मध्ये शोधा. तिथे डीविट क्लिंटनचा गट होता. तोच क्लिंटन त्याच वर्षी फेडरलिस्टांच्या पाठिंब्यावर मॅडिसनविरुद्ध अध्यक्षपदाला उभा राहिला आणि १२८ विरुद्ध ८९ निर्वाचक मतांनी हरला.

तीनपंचमांश

या फोडीतली सगळ्यात मोठी गोष्ट कुणीच बोलत नाहीये. गुलामगिरीवर उभ्या राज्यांची बेरीज करा. डेलावेअरसह ४५ विरुद्ध १२. उरलेल्या उत्तरेची ३४ विरुद्ध ३७. उत्तरेत युद्ध हरलं होतं! दक्षिणेकडे इतक्या जागा आल्या कशा? गुलामांना माणूस मानायचं नाही, मत द्यायचं नाही, पण जागा मोजताना प्रत्येकाचे तीन-पंचमांश धरून मालकांच्या राज्याला खासदार वाढवून द्यायचे.

हिशेब करून दाखवतो. १८१०च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे ९,७४,६००, त्यात गुलाम सुमारे ३,९२,५००. स्वतंत्र उरले ५,८२,१००. प्रमाण ३५,०००ला एक जागा, अपूर्णांक सोडून द्यायचा. नुसते स्वतंत्र मोजले तर १६ जागा. गुलामांचे तीन-पंचमांश, म्हणजे २,३५,५०० मिळवले की ८,१७,६०० होतात आणि जागा २३. सात खासदार अशा लोकांच्या नावावर, ज्यांना बाजारात विकता येत होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा त्याचाच भाग असलेला मेन प्रांत धरून ७,००,७४५ माणसं होती, सगळी स्वतंत्र, आणि जागा २०. सुमारे १,१८,६०० स्वतंत्र माणसं जास्त, खासदार तीनने कमी. हे सोडून रिपब्लिकन-फेडरलिस्ट काय मोजत बसलाय?

मतमोजणी

हिशेब बरोबर आहे, जनगणना चुकीची घेतली आहे. १८१०ची गणना तेराव्या काँग्रेसपासून, म्हणजे मार्च १८१३पासून लागू झाली. युद्ध मंजूर करणारी बारावी काँग्रेस १८००च्या जनगणनेवर बसली होती, ३३,०००ला एक. तेव्हा व्हर्जिनियाच्या जागा २२ होत्या, मॅसॅच्युसेट्सच्या १७.

१८००मध्ये देशभर गुलाम ८,९३,६०२. त्याचे तीन-पंचमांश भागिले ३३,००० केले की ढोबळमानाने १६ जागा येतात. सगळ्याच्या सगळ्या १६ युद्धाच्या बाजूने पडल्या असं समजून काढून टाका. ६३ विरुद्ध ४९. ठराव तरीही मंजूर. सिनेटला तर या कलमाचा काही संबंधच नाही, तिथे प्रत्येक राज्याला दोन. तुमचा मुद्दा नैतिकदृष्ट्या रास्त आहे, पण या मतदानाचा निकाल त्याने बदलत नाही.

तीनपंचमांश

जनगणनेची चूक मान्य, मी तेराव्याचे आकडे घेतले. पण "नैतिकदृष्ट्या रास्त" म्हणून बाजूला सारू नका, हा सत्तेच्या वाटपाचा प्रश्न आहे. तुम्ही शेवटच्या मतदानातून १६ मतं वजा केलीत. तिथपर्यंत पोचण्याआधी सभापती निवडला गेला, त्याने समित्या नेमल्या, अध्यक्ष निवडला गेला. १८००च्या निवडणुकीत जेफरसन ७३, ॲडम्स ६५. फरक ८चा. गुलामांच्या गणतीतून दक्षिणेला मिळालेली जास्तीची निर्वाचक मतं त्याहून अधिक होती. ती काढली की बहुतेक हिशेबांत ॲडम्स पुढे जातो. म्हणजे तुमचं ते रिपब्लिकन बहुमत ज्या पायावर उभं राहिलं, तो पायाच हा आहे.

राज्यवार

धागा भरकटतोय असं लिहिणार होतो, पण खरं तर भरकटलेला नाही. फेडरलिस्टांची त्या काळातली मुख्य तक्रार हीच होती. डिसेंबर १८१४मध्ये हार्टफर्डला न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी जमले, त्यांनी सुचवलेल्या घटनादुरुस्त्यांत तीन-पंचमांशाची गणती रद्द करा ही एक होती. दुसरी, युद्ध पुकारायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. आता १८१२चं मतदान त्या पट्टीने मोजा. हाउसमध्ये १२८पैकी ७९, म्हणजे ६२ टक्क्यांना थोडं कमी. सिनेटमध्ये ३२पैकी १९, साठ टक्केही नाहीत. दोन्हीकडे ठराव पडला असता. त्यांनी ती मागणी हवेतून आणली नव्हती.

मात्र त्या लोकांना गुलामांची कणव होती असं कुणी म्हणू नये. दक्षिणेच्या जागा कमी व्हाव्यात, एवढीच त्यांची इच्छा.

तीनपंचमांश

त्यांच्या मनात काय होतं हा वेगळा विषय आहे. ज्या ८,९३,६०२ माणसांबद्दल बोलतोय, त्यांच्या दृष्टीने हे कलम अन्याय्यच होतं, मागणी कुणीही केली तरी.

आर्या_म

मूळ प्रश्नावर येते. समित्यांचा उल्लेख झाला, ते जास्त उकलायला हवं. पक्षाची शिस्त नव्हती हे जुनंदप्तर यांचं बरोबर, पण मग ७९ मतं टिकली कशी, याचं उत्तर सभापतीच्या खुर्चीत आहे. क्ले हाउसमध्ये पहिल्यांदाच निवडून आला आणि पहिल्याच दिवशी, ४ नोव्हेंबर १८११ला, विल्यम बिबला ७५ विरुद्ध ३८ने हरवून सभापती झाला. समित्या नेमणं सभापतीच्या हातात. परराष्ट्र समितीवर पीटर पोर्टर अध्यक्ष, सोबत कॅलहून आणि ग्रंडी. युद्धाचा सगळ्यात कडवा विरोधक जॉन रँडॉल्फ, त्यालाही त्याच समितीवर घातलं, पण बहुमत युद्धवाल्यांचं ठेवलं. त्याचा विरोध तिथेच अडकून राहिला.

२९ मेला रँडॉल्फ युद्धाविरुद्ध बोलायला उभा राहिला. क्लेने सांगितलं, आधी प्रस्ताव लेखी द्या, मग तो विचारात घ्यायचा की नाही यावर सभागृह मत देईल. सभागृहाने नकार दिला, भाषण तिथेच संपलं. फेब्रुवारी १८११पासून चर्चा बंद करून थेट मतदान घ्यायची वाट मोकळी झालेली होतीच. ज्याच्या हातात नियम, त्याला व्हिपची गरज पडत नाही.

आणि तोच रँडॉल्फ त्या १०७मध्ये मोजलेला आहे! १८०६पासून जेफरसनशी फाटलेला, स्वतःचा वेगळा गट असलेला माणूस, पण तक्त्यात रकाने दोनच.

मतमोजणी

रँडॉल्फचा मुद्दा पटला. पण त्याचं पुढे काय झालं तेही सांगा. १८१३मध्ये व्हर्जिनियातल्या त्याच्याच मतदारसंघात जेफरसनचा जावई जॉन एप्स उभा राहिला आणि रँडॉल्फ पडला. पक्ष सोडला की जागा जाते, हे तेव्हाही होतं. कायदा नव्हता, मतदार होते.

जुनंदप्तर

१८१५मध्ये तोच रँडॉल्फ परत निवडून आला, हेही लिहा की.

कुणी बोर्डिंग हाउसचा मुद्दा आणण्याआधी सांगून टाकतो. क्ले, कॅलहून, लाउंड्स, चीव्ह्स एकाच मेसमध्ये राहायचे, तिला "वॉर मेस" म्हणत, हे खरं आहे. मतं पक्षावर नाही तर मेसवर ठरायची, असा सिद्धांत १९६०च्या दशकात गाजला. मला तो आवडायचा. पण नंतर मतदानाच्या नोंदी घेऊन आकडेमोड झाली, तेव्हा राज्य आणि पक्ष हे दोन्ही मेसपेक्षा जास्त भारी ठरले. तेव्हा हा मुद्दा माझ्या बाजूने वापरत नाही.

मतमोजणी

म्हणजे पक्ष भारी ठरला, हे तुमच्याच तोंडून आलं.

जुनंदप्तर

राज्य *आणि* पक्ष. "आणि" गाळू नका.

ठीक आहे, एवढं मान्य करतो: ७९मध्ये एकही फेडरलिस्ट नाही, ही गोष्ट माझ्या पहिल्या मांडणीत मी एका वाक्यात उडवली, ते चुकलं. दोन पक्षांमधली भिंत खरी होती. पण भिंतीच्या रिपब्लिकन बाजूला एक घर नव्हतं. क्लिंटनवाले, रँडॉल्फवाले, सिनेटमध्ये गॅलॅटिनचे वैरी, सगळे त्या १०७ आणि ३०मध्ये कोंबलेले आहेत. १८१६ला अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या रिपब्लिकन कॉकसमध्ये तर फेडरलिस्ट नव्हतेच, तरी मन्रो ६५ आणि क्रॉफर्ड ५४.

राज्यवार

मग तक्ता वापरायचा कसा ते तरी ठरवा. माझ्यापुरतं सांगतो. आधी त्या तारखेला प्रत्यक्ष किती जण सदस्य होते ते काढायचं: नवी राज्यं, राजीनामे, मृत्यू, पोटनिवडणुका. मग मतदानाची नावं राज्यवार लावायची. पक्षाचं लेबल सगळ्यात शेवटी, आणि लावताना ते ज्या मतदानावरून ठरलं त्याच मतदानाचा पुरावा म्हणून ते वापरायचं नाही.

तीनपंचमांश

आणि त्या राज्याच्या जागा कुठल्या जनगणनेवरून आल्या, तेही शेजारी लिहायचं.

राज्यवार

हो, तेही. तो रकाना मी धरला नव्हता.