पहिल्या बाळंतपणानंतर मन ढासळले होते. दुसऱ्या वेळी आधीपासून काय तयारी करावी?

प्रश्न (कळंबेकरीण)

नमस्कार. मी कोल्हापुरात कळंब्याजवळ राहते. दुसऱ्यांदा गरोदर असून सध्या २९वा आठवडा चालू आहे. थोरली मुलगी चार वर्षांची आहे.

तिच्या वेळी बाळंतपणासाठी मी गडहिंग्लज तालुक्यातील माहेरी गेले होते. शेक-शेगडी, काढा, डिंकाचे लाडू यांत कोणी काही कमी पडू दिले नाही; पण मला आत काय होते आहे हे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. बाळ निजले तरी मला झोप लागत नसे. बाळाला घेऊन जिन्याजवळ गेले की ते माझ्या हातून खाली पडेल, किंबहुना मीच त्याला टाकून देईन, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राही आणि मी घामाघूम होऊन बाळ आईच्या हाती देत असे. हे मी कोणालाही सांगितले नाही, कारण सांगितले तर मुलगी माझ्यापासून दूर करतील अशी भीती होती. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत टाके आणि वजन पाहिले गेले, तेवढेच. पाचव्या महिन्यात, जेवण जवळजवळ सुटल्यावर, यजमानांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. सरट्रालिन हे नैराश्यावरील औषध आणि समुपदेशन यांनी मी हळूहळू पूर्ण बरी झाले आणि वर्षभराने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध थांबले.

आता गेले तीन आठवडे पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधडते. प्रसूतितज्ज्ञ या वेळी नव्या आहेत. त्यांना मागचे सगळे सांगावे का? औषध पुन्हा घ्यावे लागले तर पोटातल्या बाळाचे आणि पुढे दुधाचे काय? यजमान शिरोलीला फौंड्रीत पाळीने कामाला असल्यामुळे घरातील मंडळी या वेळीही मी माहेरी जावे असे म्हणतात. सासूबाईंना त्या आजारपणाविषयी ‘अशक्तपणा होता’ एवढेच ठाऊक आहे. त्यांना कसे सांगावे, हे मला सर्वांत अवघड वाटते.

उत्तर (मंगळवार पेठेतील आजी)

मी स्वतः दोन सुनांची सासू आहे, म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी द्यावे असे वाटले. वयाने तू मला मुलीसारखी आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

माझ्या थोरल्या सुनेला असाच त्रास झाला, तेव्हा मी तिला ‘आम्ही नाही का चार-चार बाळंतपणे काढली’ असे म्हणाले होते. ते वाक्य मला आजही टोचते. मी दुष्टपणाने बोलले नव्हते. धीर देते आहे अशीच माझी समजूत होती. आमच्या वेळी अशा बाईला ‘बाळंतवारं लागलं’ म्हणत, कानाला फडके बांधून खोलीत निजवत, आणि तिच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची रीत नव्हती. माझ्या धाकट्या जावेचे पहिले वर्ष कसे गेले हे आता आठवले की कळते, की तीही आजारीच होती आणि आम्ही तिला आळशी ठरवले.

तू सासूबाईंना आजाराचे नाव सांगण्यापासून सुरुवात करू नकोस. ‘मागच्या वेळी मला रात्री झोप येत नव्हती, जेवण जात नव्हते, आणि मला भीती वाटत होती, या वेळी तसे झाले तर तुम्ही मला सांभाळाल का’ असे विचार. सासूला सल्ला मागितला की ती दुरून बघते, आणि काम दिले की ती जवळ येते, हा माझा अनुभव आहे. त्यांना एक ठरावीक काम नेमून दे, उदाहरणार्थ थोरल्या नातीला रात्री आपल्याजवळ निजवणे. शक्य असेल तर तुझ्या यजमानांनी त्या वेळी जवळ बसावे, म्हणजे ‘सुनेचे नाटक’ असा विचार कोणाच्या मनात येणार नाही.

उत्तर (मानसोपचार क्षेत्रातील एक डॉक्टर)

ताई, येथे लिहिलेले काहीही प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधी नोंदवून तुमच्या प्रश्नांकडे येते.

प्रसूतितज्ज्ञांना सगळे सांगावे, आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात सांगावे. ज्या स्त्रीला आधीच्या बाळंतपणानंतर नैराश्य आले होते तिला ते पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते, आणि ते नेहमी प्रसूतीनंतरच सुरू होते असेही नाही. अनेकींच्या बाबतीत त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. पहाटे लवकर जाग येणे आणि धडधड होणे ही त्याची चिन्हे असू शकतात, तशीच ती थायरॉइडच्या बिघाडाची किंवा रक्त कमी असल्याचीही असू शकतात. म्हणून टीएसएच (थायरॉइडची) आणि हिमोग्लोबिन या दोन चाचण्या अलीकडे झाल्या नसतील तर करून घ्याव्यात. प्रसूतीनंतरही थायरॉइड काही स्त्रियांमध्ये बिघडते आणि ते दुखणे नैराश्यासारखे दिसते.

जिन्याजवळच्या चित्राविषयी तुम्ही लिहिलेत, ते वाचून मला फार वाईट वाटले, कारण तो भार तुम्ही पाच महिने एकटीने वाहिला. बाळाला इजा होईल, आपल्याच हातून होईल, असे नको असलेले विचार पुष्कळ नव्या आयांच्या मनात येतात. ज्या आईला त्या विचाराची भीती वाटते, जी घाबरून बाळ दुसऱ्याच्या हाती देते, तिची बाळाला इजा करण्याची इच्छा नसते. ती भीती हेच आजाराचे लक्षण असते. डॉक्टरांना हे सांगितल्याने बाळ काढून घेतले जात नाही.

तुमच्यासारख्या स्त्रियांसाठी एडिनबर्ग प्रश्नावली म्हणून १० प्रश्नांची एक साधी चाचणी आहे. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. नैराश्याच्या नेहमीच्या चाचण्यांत थकवा, भूक, वजन यांविषयी विचारतात, आणि नव्या आईच्या बाबतीत ती उत्तरे आजार नसतानाही होकारार्थी येतात. म्हणून या प्रश्नावलीत मागच्या ७ दिवसांतील मनःस्थितीवर भर दिलेला आहे. एकूण गुण ० ते ३० असतात आणि १३ किंवा अधिक आले तर सविस्तर तपासणी करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याहून वेगळे असेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे लागते. गुणांवरून निदान होत नाही, परंतु बोलण्याला सुरुवात होते.

औषधाविषयी. सरट्रालिन आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते, म्हणून स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी त्याचा विचार सहसा आधी केला जातो. गरोदरपणात कोणतेही औषध सर्वस्वी निर्धोक असे म्हणता येत नाही, पण उपचार न केलेले नैराश्यही निर्धोक नसते: आई जेवत नाही, झोपत नाही, तपासण्या चुकवते, आणि त्याचा परिणाम बाळावर होतोच. त्रास सौम्य असेल तर केवळ समुपदेशनानेही भागू शकते. मागे कोणत्या मात्रेने गुण आला होता तो जुना कागद शोधून ठेवा. प्रसूतितज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावे, आणि घरात उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते: ज्या व्हॅल्प्रोएट (अपस्मार आणि मनःस्थितीच्या काही आजारांवर दिले जाणारे औषध) घेत असतील त्यांनी गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे, कारण त्या औषधाने गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो, मात्र तेही मनाने एकदम बंद करू नये.

माहेर की सासर, याचे उत्तर माझ्या मते एकाच प्रश्नात आहे: रात्री बाळ कोण घेणार? सलग चार-पाच तासांची झोप ही तुमच्या बाबतीत औषधाइतकी महत्त्वाची आहे. रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधाने वाटी-चमच्याने दुसऱ्या कोणी करावे आणि तेवढा वेळ तुम्ही वेगळ्या खोलीत निजावे. ही सोय ज्या घरात होईल आणि जेथून तुमचे डॉक्टर जवळ असतील, ते घर निवडावे. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपतात आणि नंतर मदत एकदम ओसरते. नैराश्य मात्र पहिल्या वर्षात केव्हाही येऊ शकते, त्यामुळे ही व्यवस्था तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंतची हवी.

खासगी उपचार परवडत नसतील त्यांनी कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

उत्तर (शाहूपुरीतील एक वडील)

डॉक्टरांनी नैराश्याविषयी सविस्तर लिहिले आहे. मी त्याहून वेगळ्या, क्वचित होणाऱ्या आणि फार वेगाने वाढणाऱ्या दुखण्याविषयी लिहितो, कारण ते आमच्या घरात घडले आणि मला ते ओळखता आले नाही.

पाचवीच्या रात्री आमच्याकडे रिवाजाप्रमाणे जागरण झाले. त्यानंतर पत्नीची झोप परत आलीच नाही. गंमत अशी नव्हे, तर दुर्दैव असे की ती दमलेली दिसत नव्हती. उलट रात्री दोनला उठून कपाटे आवरत होती, भराभर बोलत होती, आणि आम्ही तिच्या उत्साहाचे कौतुक करत होतो. नवव्या दिवशी ती म्हणाली की हे बाळ आपले नव्हे, दवाखान्यात बदलले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाहेरचे काही असेल म्हणून उतारा टाकला आणि त्यात आमचा दीड दिवस गेला. तो दीड दिवस मी कधी विसरणार नाही, कारण त्या काळात ती बाळासह घरात एकटीही राहिली होती.

नंतर डॉक्टरांनी सांगितले की याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस (वास्तवाचे भान सुटण्याचा आजार) म्हणतात, हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, आणि त्यात रुग्णालय गाठायला एक दिवसही थांबायचे नसते. तिच्या सख्ख्या बहिणीला बायपोलर आजार (मन कधी अति उत्साही तर कधी अति खिन्न होण्याचा) होता. ही गोष्ट गरोदरपणात आम्ही कोणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच माहीत नव्हते. आज पत्नी पूर्ण बरी आहे आणि मुलगा शाळेत जातो.

एक उपयोगी माहिती. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिच्या ३ वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. त्यामुळे दाखल करायची वेळ आली तर बाळाविषयी रुग्णालयात स्पष्ट विचारावे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई आणि बाळ यांना एकत्र ठेवण्याचा स्वतंत्र विभागच आहे.

ताईंच्या यजमानांना माझे एवढेच सांगणे आहे की रात्रपाळी बदलून घेण्याचा अर्ज आत्ताच द्यावा, प्रसूतीनंतर नव्हे.

उत्तर (करवीर तालुक्यातील आशा कार्यकर्ती)

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतो. बाळाचे वजन, ताप, पाजणे हे पाहतोच. पण घरात चार माणसे बसलेली असतात आणि बाळंतीण त्यांच्यासमोर ‘बरी आहे’ म्हणते. म्हणून मी हल्ली बाळाला पाजताना जवळ कसे घ्यायचे ते दाखवते असे सांगून दार लोटून घेते आणि मग विचारते. तुमच्या भागातील आशाताईंना आधीच एकदा भेटून ठेवा. पहिल्या आठवड्यातले रडू बहुतेकींना येते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापुढे राहिले तर ‘होईल बरे’ म्हणून थांबू नका.

कळंबेकरीण (प्रश्नकर्ती)

आपणा सर्वांची उत्तरे मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा यजमानांसोबत वाचली.

काल नव्या प्रसूतितज्ज्ञांना सगळे सांगितले, जिन्याचेही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, फाइलवर लिहिले आणि टीएसएच करायला सांगितले. अहवाल गुरुवारी मिळेल, आणि त्यानंतर शनिवारी जुन्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. बाळंतपण कोल्हापुरातच करायचे ठरले असून आई इकडे येऊन राहणार आहे. यजमानांनी पाळीचा अर्ज दिला आहे.

आजी, सासूबाईंशी मी तुम्ही सांगितले तसेच बोलले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की यांच्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर त्या स्वतः कित्येक महिने विहिरीकडे जायला घाबरत असत, आणि हे आजवर त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. मला काय म्हणावे ते सुचले नाही. मी त्यांचा हात धरून बसले. थोरलीचे अंथरूण त्यांनी आजपासूनच आपल्या खोलीत हलवले आहे.