मदत हवी आहे: एकाच लाइनवर आमच्या वस्तीला पाणी कमी, मनपाकडे भेदभावाची तक्रार कशी करायची?

तापीकाठ: खान्देशातल्या एका महानगरपालिकेच्या हद्दीतली भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, साधारण ४० घरं. पाणी पाच दिवसांआड येतं, ते सगळ्या शहरालाच. पण त्याच लाइनवरच्या अलीकडच्या कॉलनीला दीड तास, आणि भिलाटीला वीस-पंचवीस मिनिटं, तेही करंगळीएवढी धार. सगळ्यांच्या सह्यांची दोन निवेदनं दिली, उत्तर नाही. तोंडी कधी सांगतात ‘वस्ती अनधिकृत’, कधी ‘तुम्ही लाइनच्या टोकाला आहात’. तक्रार कुठे, कशी करायची? ॲट्रॉसिटी लागते का?

आवक_जावक: भाऊ, आधी एक गोष्ट शोधा: भिलाटीला वेगळा व्हॉल्व्ह आहे का? रस्त्यावर चेंबर दिसेल. सगळी तक्रार त्यावर फिरते. धार बारीक असण्याला टोकाची जागा, पाइपाचा व्यास, वरच्या घरांनी नळाला थेट जोडलेल्या मोटारी अशी कारणं असू शकतात, आणि अभियंता तीच लिहून देईल. पण वेगळा व्हॉल्व्ह असेल, तर तो किती वेळ उघडा ठेवायचा हे माणूस ठरवतो. तिथे ‘प्रेशर नाही’ हे उत्तर चालत नाही.

मग मोजा. एकाच दिवशी कॉलनीतल्या एका नळावर आणि भिलाटीतल्या एका नळावर २०० लिटरचा ड्रम किती मिनिटांत भरतो, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं. मोटार न लावता. असे चार-पाच पाळ्यांचे आकडे तारखेसह वहीत, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन. नुसत्या ‘आमच्यावर अन्याय होतो’ या वाक्यावर कोणी फाइल उघडत नाही.

अर्ज आयुक्तांच्या नावाने, प्रत पाणीपुरवठा विभागाला. विषयात वस्ती आणि कॉलनी दोन्हींची नावं. मागणी एकच आणि मोजता येईल अशी: ‘दोन्ही भागांना समान वेळ पाणी द्यावे व व्हॉल्व्हच्या वेळा लेखी कळवाव्यात.’ पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे मनपाचं बंधनकारक काम आहे, तेवढा एक उल्लेख पुरे. आवक-जावकमध्ये आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का देत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा. साहेबांच्या हातात दिलेल्या निवेदनाचा फोटो म्हणजे पोच नाही.

नियमावली: माहिती अधिकार लगेच टाका, तक्रारीच्या उत्तराची वाट पाहू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. मागायचं काय: गेल्या तीन महिन्यांत त्या झोनमध्ये व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याच्या नोंदवहीच्या प्रती, त्या लाइनचा नकाशा व व्यास, नळजोडण्यांची यादी मंजुरीच्या तारखांसह. ‘भेदभाव का करता?’ असं विचारलंत तर अर्ज फेटाळतील. ‘का’ म्हणजे माहिती नव्हे, आहे तो कागद मागायचा. ३० दिवसांत उत्तर नाही तर प्रथम अपील, पुढे राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ.

‘अनधिकृत’चं उत्तरही तिथेच सापडतं. शेजारचे विनापरवाना प्लॉट नळाला पात्र ठरले आणि भिलाटी नाही, असं यादीत निघालं तर ते एकच पान तुमच्या सगळ्या निवेदनांपेक्षा जड.

तापीकाठ: धन्यवाद दादा. लोकशाही दिनात जावं का?

आवक_जावक: जा, पण सह्यांचं निवेदन घेऊन नको. तिथे तक्रार वैयक्तिक लागते, सामूहिक परत करतात. तीन-चार घरांनी आपापल्या नळाचे आकडे घालून वेगवेगळे अर्ज करावेत. मनपाचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत, आधीच्या अर्जाची पोच जोडून. न्यायालयात असलेला विषय घेत नाहीत.

सातपुडा_पायथा: ॲट्रॉसिटीबद्दल. अनुसूचित जातीजमातींच्या माणसाला नळ, विहीर इतरांच्या बरोबरीने वापरण्यापासून अडवणं हा १९८९ च्या कायद्यात कलम ३(१)(झेड ए) खाली गुन्हा आहे. पण तो एखाद्या व्यक्तीवर लागतो, आणि ती व्यक्ती अनुसूचित जातीजमातीची नसावी लागते. बारीक पाइपावर गुन्हा दाखल होत नाही. व्हॉल्व्ह मुद्दाम बंद केला, किंवा चारचौघांत जातीवरून बोललं, असं सांगणारे साक्षीदार असतील तर मनपाच्या उत्तरासाठी थांबू नका, थेट पोलीस ठाणं. कलम १८-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी. मदतवाहिनी १४५६६.

पुरावा इतका थेट नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता समितीला अर्ज द्या आणि एक प्रत आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात. जळगाव जिल्ह्याला यावल, धुळे आणि नंदुरबारला तिथलंच, वरच्या भागाला तळोदा.

नियमावली: आयोगांबाबत एकच. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग आणि राज्य मानवी हक्क आयोग, दोन्हीकडे एकाच वेळी पाठवायचा मोह होतो. दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित असलेला विषय मानवी हक्क आयोग घेत नाही, म्हणून एकच निवडा. मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. पाण्यासारख्या रोजच्या प्रकारात शेवटच्या पाळीची तारीख अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर पहिल्या निवेदनाची तारीख धरून ‘मुदतबाह्य’चा शेरा येऊ शकतो.

तापीकाठ: चेंबर बघितला. भिलाटीच्या तोंडाशी वेगळा व्हॉल्व्ह आहे.

आवक_जावक: मग उद्याच माहिती अधिकार टाका, आणि पुढच्या पाळीला व्हॉल्व्हमन किती वाजता येतो-जातो ते दोघांनी उभं राहून लिहा. त्याच्याशी वाद घालू नका, तो वरून आलेली वेळ पाळतो. नोंदवहीत दीड तास आणि तुमच्या वहीत पंचवीस मिनिटं, असं निघालं की दोन्ही पानं शेजारी लावून आयुक्तांकडे दुसरा अर्ज.